क्युबात जुन्या अमेरिकन गाडीतून फिरायचंय? मग गाडीआधी चालक शोधा

हवानात जुन्या शेव्हरोलेत बसलात आणि आपल्या सवयीने धाडकन दार ओढलंत, की पुढच्या सीटवरून लगेच शब्द येतो, ‘स्वावे!’ म्हणजे अलगद. त्या दाराची बिजागरं सत्तर वर्षांची आहेत. आतलं कुलूप बहुधा कुठल्या तरी रशियन ‘लाडा’ गाडीचं आहे. काच खाली-वर करायचं हँडल तर आमच्या गाडीत चार दारांना मिळून एकच होतं. चालक ते डॅशबोर्डच्या खणातून काढायचा, ज्याला काच खाली करायची त्याच्या हाती द्यायचा आणि काम झालं की आठवणीने परत घ्यायचा.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात, धातू कातणाऱ्या लेथच्या आवाजात लहानाचा मोठा झालो. त्यामुळे क्युबाला जायचं ठरलं तेव्हा समुद्रकिनाऱ्यांपेक्षा मला या गाड्यांची ओढ जास्त होती. बायको आणि मी अकरा दिवस फिरलो, त्यातले बरेचसे अशाच गाड्यांतून. बहुतेक लोक गुलाबी उघड्या गाडीत तासभर बसतात, फोटो काढतात आणि पुढच्या प्रवासाला एसी बस धरतात. त्यांचं काही चुकत नाही. पण याच गाड्यांतून निम्मं बेट नीट पाहता येतं. ते कसं जमवायचं, ते क्रमाने सांगतो. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: गाडीचा रंग आणि मॉडेल सगळ्यात शेवटी बघा. आधी चालक बघा, कारण ती गाडी त्या माणसाच्या हाताशिवाय दहा किलोमीटरही जात नाही.

या गाड्या तिथेच का उरल्या

१९५९च्या १ जानेवारीला क्युबात क्रांती झाली. ऑक्टोबर १९६०मध्ये अमेरिकेने क्युबाला होणारी बहुतेक निर्यात थांबवली आणि फेब्रुवारी १९६२पासून पूर्ण व्यापारबंदी आली. नव्या गाड्या बंद झाल्या, तसे जुन्यांचे सुटे भागही बंद झाले. दुसरं कारण त्यांच्याच देशातलं. २०११पर्यंत क्युबात सामान्य माणसाला मोकळेपणाने खरेदी-विक्री करता यायची ती फक्त क्रांतीपूर्वीच्या गाड्यांची. म्हणजे आजोबांची बुइक ही नातवासाठी शेतजमिनीसारखी मिळकत. ती मोडीत काढणं परवडणारच नव्हतं.

तिथले लोक या गाड्यांना ‘आल्मेंद्रोन’ म्हणतात, म्हणजे भला मोठा बदाम. आकार बघितलात की नाव पटतं. बॉनेट उघडलंत की मात्र आत वेगळंच दिसतं. अमेरिकन पत्र्याखाली टोयोटाचं, ह्युंदाईचं, मर्सिडीजचं नाहीतर प्यूजोचं डिझेल इंजिन, स्टिअरिंग कुणाचं, ब्रेकचे भाग कुणाचे. जे मिळत नाही ते तिथला ‘तोर्नेरो’, म्हणजे आपला टर्नर, लेथवर उतरवून देतो. हवानातल्या एका गल्लीत असाच एक टर्नर एका पितळी बुशवर, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या नळीवर, शेवटचा हात फिरवत होता. त्याने बुश बोटाने चाचपला, शाफ्टवर बसवून पाहिला, काढला, पुन्हा अर्ध्या केसाच्या जाडीइतका कातला. उद्यमनगरात हेच हात मी हजारदा पाहिलेत.

आपलंही या गाड्यांशी नातं आहे. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरोले जोडायला सुरुवात केली आणि ते काम १९५४पर्यंत चाललं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या, नंतर फियाट आली. डुक्कर फियाटमध्ये मागे चौघं कोंबून लग्नाला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्यांना क्युबातल्या लांबच लांब बाकासारख्या सीटवर बसलं की काही समजावून सांगावं लागत नाही.

निघण्याआधीची कामं

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ, तोच धरा. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम असतो, आणि पावसात या गाड्यांचे वायपर, काचेची रबरं आणि ड्रम ब्रेक तिन्ही जीव टांगणीला लावतात.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा लागतो. पूर्वीचं कागदी टुरिस्ट कार्ड बंद होऊन आता ई-व्हिसा आला आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी ‘दे-व्याहेरोस’ हा ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि त्याचा क्यूआर कोड जवळ ठेवायचा. वैद्यकीय विमा २०१०पासून सक्तीचा आहे. भारतातून थेट विमान नाही. युरोप किंवा कॅनडामार्गे जाणं सोयीचं, अमेरिकेतून वाट काढू नका.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी वेगळ्या. ब्रिटिश किंवा युरोपीय पासपोर्ट असेल, तर १२ जानेवारी २०२१नंतर क्युबाला जाऊन आलेल्यांना अमेरिकेसाठी ईएसटीए (व्हिसाविना प्रवासाची ऑनलाइन परवानगी) मिळत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. अमेरिकेत राहत असाल, ग्रीन कार्ड असलं तरी, निव्वळ पर्यटनासाठी क्युबाला जायला अमेरिकेच्या कायद्याने मनाई आहे. ठरावीक बारा प्रकारच्या कारणांत तुमचा प्रवास बसतो का, ते आधी नीट वाचा.

पैसे रोख न्या, शक्यतो युरो, आणि लहान नोटा. अमेरिकन बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत. इतर व्हिसा-मास्टरकार्ड तत्त्वतः चालतात, पण वीज नसली की मशीनही नसतं. २०२१च्या सुरुवातीला पर्यटकांचं वेगळं चलन रद्द झालं, आता फक्त क्युबन पेसो आहे. जुन्या लेखांमध्ये ‘सीयूसी’ हे त्या रद्द चलनाचं नाव दिसलं तर ते विसरून जा, आणि कुणी त्या नोटा देऊ लागला तर घेऊ नका. ड्रोन घरीच ठेवा, विमानतळावर काढून घेतात.

इंधन आणि वीज यांची टंचाई हा सध्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. मार्च २०२४मध्ये पेट्रोलचा सरकारी दर पाच पटींहून जास्त वाढला, लिटरला २५ पेसोंवरून १३२वर गेला. ऑक्टोबर २०२४मध्ये तर अख्ख्या देशाची वीज गेली. म्हणून तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात, दोन्ही वेळा, ज्या घरी उतरणार तिथल्या यजमानांना विचारा: इंधन मिळतंय का, विमानं सुरू आहेत का, लांबच्या गाड्या जाताहेत का. त्यांचं उत्तर कुठल्याही वेबसाइटपेक्षा खरं असतं. परिस्थिती बिकट असेल तर सहल पुढे ढकला.

गाडी कुठल्या तऱ्हेने मिळते

एक गैरसमज आधी दूर करतो. जुनी गाडी स्वतः चालवायला भाड्याने मिळेल, असं धरून चालू नका. पर्यटकांना चालवायला मिळतात त्या आजच्या साध्या गाड्या, सरकारी कंपन्यांच्या, आणि त्यांच्या नंबरप्लेटवर पहिलं अक्षर ‘टी’ असतं. खासगी गाडीचं अक्षर ‘पी’, सरकारी गाडीचं ‘बी’. आल्मेंद्रोन चालकासकटच घ्यायची.

शहरातली तासाभराची फेरी सगळ्यांना ठाऊक असते. पार्के सेंत्रालपाशी उघड्या गाड्या ओळीने उभ्या असतात. फेरी दुपारी घेऊ नका, डोक्यावर छप्पर नसतं आणि रेक्झिनची सीट तव्यासारखी तापते. सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघा. कापितोलिओ या जुन्या संसदेच्या इमारतीवरून रेव्होल्यूशन चौकात जा. तिथे क्युबाचे राष्ट्रपुरुष होसे मार्ती यांचं १०९ मीटर उंच स्मारक आणि समोरच्या इमारतीवर चे गेव्हाराचा पोलादी चेहरा आहे. मग आल्मेंदारेस नदीकाठच्या झाडीतून व्हेदादो या भागाकडे, आणि शेवटी मालेकोन. हा आठ किलोमीटरचा समुद्रालगतचा रस्ता म्हणजे हवानाची मरीन ड्राइव्ह. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की लाटा कठडा ओलांडून रस्त्यावर येतात. त्या दिवशी चालक मालेकोनला नाही म्हणाला, तर हट्ट धरू नका. खारं पाणी पत्र्याला काय करतं, ते आपल्या कोकणातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा.

दुसरी तऱ्हा मला जास्त आवडली: शेअर आल्मेंद्रोन, स्थानिक भाषेत ‘माकिना’. आपल्या शेअर टॅक्सीसारख्या या गाड्या ठरलेल्या मार्गावर धावतात. कापितोलिओजवळच्या फ्रातेर्निदाद बागेपाशी त्यांचा मुख्य अड्डा आहे. हात दाखवायचा, गाडी थांबली की खिडकीतून फक्त ठिकाण विचारायचं, ‘व्हेदादो?’ चालकाने मान हलवली की बसायचं. उतरायच्या आधी ‘आकी, पोर फाव्होर’, म्हणजे इथेच, कृपया. भाडं पेसोंत, उतरताना. यजमानांकडून आजचा दर आधी विचारून सुटे जवळ ठेवा. ठिकाणाव्यतिरिक्त काही बोलत बसलात तर तो ती स्वतंत्र सवारी समजून वेगळा भाव सांगेल. व्हेदादोला उतरा आणि ‘कोपेलिया’ या १९६६पासूनच्या आइस्क्रीमच्या दुकानात रांगेला उभे राहा. सोबत हवानाची माणसंही भेटतील.

तिसरी तऱ्हा म्हणजे गाडी आणि चालक दोन-चार दिवसांसाठी ठरवणं. पुढचं सगळं त्याबद्दल.

चालक कसा निवडायचा

चालक रस्त्यावर शोधू नका, घरातून शोधा. ‘कासा पार्तिकुलार’ म्हणजे लोकांनी आपल्या घरात चालवलेली पाहुण्यांची खोली. दारावर निळं, नांगरासारखं चिन्ह दिसतं. पहिले दोन-तीन दिवस हवानात अशाच घरी राहा आणि यजमानांनाच सांगा की लांबच्या प्रवासासाठी माणूस हवा. ते ज्याला बोलावतील त्याच्याशी त्यांचं रोजचं नातं असतं. तो वाटेत सोडून गेला तर त्याला त्याच गल्लीत तोंड दाखवायचं असतं. चौकात भेटलेल्या एका गोड बोलणाऱ्या माणसाला आम्ही आगाऊ पैसे दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आलाच नाही.

माणूस आला की लगेच भावावर जाऊ नका. आधी त्याच्यासोबत शहरात अर्धा तास फिरून या. खड्डा आल्यावर तो काय करतो, ते बघा. चांगला चालक खड्ड्याच्या बऱ्याच आधी वेग सोडतो, कारण स्प्रिंगचा पाटा तुटला तर नवा बाजारात मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग बॉनेट उघडायला सांगा. ज्याची गाडी जपलेली असते तो आनंदाने उघडतो आणि तिथून त्याच्या बोलण्याला खंड राहत नाही. इंजिन कुठलं, ते विचारा. ‘पेत्रोलेओ’ म्हणाला तर पेट्रोल समजू नका, क्युबात डिझेलला तसं म्हणतात. लांबच्या प्रवासाला डिझेल इंजिनची गाडीच बरी, आवाज आणि धूर सोसावा लागला तरी.

गाडीत काय बघायचं, ते माझ्या अनुभवातून सांगतो. ब्रेक पेडल पायाने दाबून धरा. ते हळूहळू खाली जात राहिलं, तर गाडी नको. टायरच्या आतल्या कडा बघा, बाहेरच्या सगळेच बघतात. स्टेपनी आहे का आणि तिच्यात हवा आहे का. दोन्ही हेडलाइट लागतात का. रेडिएटरच्या पाइपांवर भेगा आहेत का. मागच्या सीटवर बसून इंजिन सुरू करायला सांगा आणि दोन मिनिटं थांबा. धुराचा वास आत येत असेल तर सायलेन्सर फुटला आहे, तीन तासांत डोकं धरेल. उघड्या गाडीत आणखी एक गोष्ट बघायची. यातल्या बऱ्याच गाड्या मुळात उघड्या नव्हत्या, नंतर छप्पर कापून केलेल्या आहेत. दाराच्या वरची आणि खालची फट सारखी नसेल, तर बॉडी मधून लवली आहे. अशी गाडी शहरापुरती ठीक, हायवेला नको. सीटबेल्ट बहुतेक गाड्यांत नसतात. लहान मूल सोबत असेल तर लांबचा प्रवास आजच्या गाडीनेच करा. या बाबतीत मी ठाम आहे.

हे सगळं झालं की मॉडेलचा आनंद घ्या. पंचावन्न, छप्पन आणि सत्तावन्न सालच्या शेव्हरोले बेल एअर ओळखायला शिका. पुढची जाळी लहान आणि चौकटीचौकटीची असेल तर पंचावन्न. अख्ख्या रुंदीची जाळी असेल आणि इंधनाचं झाकण डाव्या मागच्या दिव्याआड लपलेलं असेल तर छप्पन. मागे माशाच्या परासारखे पंख असतील तर सत्तावन्न, आणि तिचं इंधनाचं झाकण डाव्या पंखाच्या क्रोमच्या पट्टीमागे असतं. पंपावर चालकाने छप्पनचा दिवा खाली वळवून त्यामागचं झाकण उघडलं, तेव्हा माझ्या बायकोने टाळ्या वाजवल्या.

कागदावर काय उतरवायचं

तोंडी ठरवू नका. वहीचं एक पान घ्या आणि आकड्यांत लिहा: तारखा, गावं, एकूण रक्कम, कोणत्या चलनात. त्याखाली इंधन कुणाचं, चालकाचं जेवण आणि मुक्काम कुणाचा, तो तुमच्यासोबत थांबणार की सोडून रिकामा परत जाणार, वाटेतले थांबे किती. वाद होतात ते या शेवटच्या दोन गोष्टींवरून. रिकाम्या परतीचं भाडंही तुमच्याच माथी असतं. ते आधी कळलं तर त्यात गैर वाटत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, प्रत्येक मुक्कामाला त्या दिवसाचे. फक्त इंधनापुरते आधी द्या, कारण ते मिळवायला त्याला खरोखर रोख लागते आणि रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं. प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का, तेही विचारा. हायवेवर तपासणी नाके असतात आणि परवाना नसला तर तुमचाही दिवस तिथेच जातो.

मार्ग

बेट साडेबाराशे किलोमीटर लांब आहे. सान्तियागो हवानापासून साडेआठशे किलोमीटरहून दूर, तिकडे या गाडीने जाऊ नका. पश्चिम आणि मध्य क्युबा पुरे. दिवसाला दोनशे किलोमीटर ही वरची मर्यादा धरा, ताशी सत्तरच्या वेगाने. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. रात्री रस्त्यावर दिवे नसतात. घोडागाड्या, सायकली आणि गाई मात्र असतात.

पहिला टप्पा हवाना ते व्हिन्यालेस, सुमारे १८० किलोमीटर. वाटेत लास तेर्रासासला थांबा, तोवर इंजिनही जरा निवेल. व्हिन्यालेसला तांबड्या मातीच्या सपाट शेतांतून चुनखडीचे उभे डोंगर एकदम वर येतात, त्यांना ‘मोगोते’ म्हणतात. ही दरी १९९९पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन रात्री राहा. इथे गाडीला सुट्टी द्या आणि तंबाखूच्या शेतांतून पायी किंवा घोड्यावरून फिरा. गवताने शाकारलेल्या उंच कोठारांत पानं काठ्यांवर टांगून सुकवतात. निपाणी-कोल्हापूरकडच्या माणसाला तो वास आत शिरल्याशिवाय ओळखू येतो.

मग परत हवाना, एक रात्र विश्रांती, आणि दुसरा टप्पा प्लाया लार्गा. १९६१च्या एप्रिलमध्ये ज्या आखातात अमेरिकेच्या पाठिंब्याने स्वारी झाली आणि फसली, ते हेच. इथून हिरोनपर्यंतचा पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता समुद्राला लागून जातो. मार्चपासून पुढे, वसंतात, या रस्त्यावर लाखो तांबडे खेकडे जंगलातून अंडी घालायला समुद्राकडे निघतात. आम्ही एप्रिलमध्ये होतो. चालकाने गाडी थांबवली, आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि टायरकडे बोट दाखवलं. खेकड्याच्या कवचाचे तुकडे टायरमध्ये घुसतात. हे खेकडे पहाटे आणि सायंकाळी जास्त निघतात, म्हणून या दिवसांत हा टप्पा भर दुपारी पार करायचा.

पुढे सिएन्फुएगोस. १८१९मध्ये फ्रेंच वसाहतकारांनी वसवलेलं, रुंद सरळ रस्त्यांचं बंदर. एक रात्र पुरे. तिथून त्रिनिदाद ८० किलोमीटर, आणि हा सगळ्या सहलीतला सुंदर रस्ता: एका हाताला एस्काम्ब्रायचे डोंगर, दुसऱ्या हाताला कॅरिबियन समुद्र. १५१४ साली वसलेल्या त्रिनिदादच्या जुन्या भागात गोल धोंड्यांचे रस्ते आहेत, तिथे गाडी नेऊच नका. तीन रात्री राहा. एक दिवस उसाच्या दरीसाठी ठेवा. तिथे मनाका इस्नागाचा ४५ मीटर उंच मनोरा आहे, गुलामांवर लक्ष ठेवायला बांधलेला. वर चढा, आणि वरून उसाचं रान किती लांब पसरलं होतं ते बघा. तोपेस दे कोयांतेसचा घाट मात्र या गाड्यांना झेपत नाही, तिकडे जायला डोंगरी ट्रक मिळतात.

परतताना सांता क्लारा. २९ डिसेंबर १९५८ला गेव्हाराच्या तुकडीने रुळांवरून घसरवलेल्या चिलखती गाडीचे डबे तिथे जपून ठेवलेत. तिथून हवाना पावणेतीनशे किलोमीटर. मर्यादेपेक्षा जास्त आहे, पण रस्ता बराचसा सपाट महामार्ग असल्याने पहाटे निघालात तर जमतं.

वाटेतल्या गोष्टी

गाडी बंद पडेल, हे धरूनच चाला. आमची बंद पडली ती याच महामार्गावर. रेडिएटरचा पाइप फुटला आणि बॉनेटखालून वाफ आली. चालकाने घाई केली नाही. गाडी झाडाखाली लोटली आणि तो अर्धा तास नुसता थांबला, कारण तापलेलं झाकण उघडलं तर हात भाजतो. मग डिकीतून सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी काढली, पाइपावर ताणून सात-आठ वेढे दिले, वर तार पिळली, आणि चार बाटल्या पाणी हळूहळू ओतलं. आम्ही त्याच पाइपावर हवानात पोचलो. त्यामुळे तुमच्याकडचं पाणी प्यायचं वेगळं आणि गाडीचं वेगळं ठेवा, दोन्ही भरपूर. इन्सुलेशन टेप, तारेचा छोटा गुंडा आणि फ्यूजची डबी इथून न्या. परतताना चालकाला देऊन या. टीशर्ट आणि अत्तरापेक्षा त्याला याचं मोल जास्त.

शाकाहारी लोकांनी एक ध्यानात ठेवावं. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, एवढंच म्हणालात तर चिकन किंवा हॅम येऊ शकतं, कारण अनेकांच्या लेखी ते ‘कार्ने’ नाही. ‘नी पोयो, नी हामोन’, म्हणजे चिकनही नको, हॅमही नको, असं पुढे जोडा. घेवड्याचा भात, म्हणजे कोंग्री, सगळीकडे मिळतो. पण तो कधी डुकराच्या चरबीत करतात, म्हणून ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीविना, असंही विचारा. कच्च्या केळ्याचे दाबून तळलेले काप आणि लसणाच्या रसातला कसावा हा कंद पोटभर होतो. पपईला हवानात ‘फ्रुता बोंबा’ म्हणा, ‘पापाया’ तिथे शिवराळ शब्द आहे.

विजेचं म्हणाल, तर लोडशेडिंगची सवय असलेल्या महाराष्ट्राला वेगळं काही सांगायला नको. तिथे त्याला ‘आपागोन’ म्हणतात. बॅटरी, पॉवर बँक आणि चपट्या पिनांचा अडॅप्टर बरोबर हवा, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

आणि परतीच्या विमानासाठी, कितीही मोह झाला तरी, आल्मेंद्रोन ठरवू नका. आदल्या रात्रीच चालकाचा हिशोब पूर्ण करा, त्याच्यासोबत एक कॉफी घ्या, आणि विमानतळासाठी यजमानांकरवी आजच्या काळातली गाडी सांगून ठेवा, उड्डाणाच्या चार तास आधीची.